कोलारच्या सोन्यामागची माणसे

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सोन्याच्या भावाची चर्चा रोज होते. सोने खणून काढणाऱ्यांची मात्र क्वचितच होते, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कर्नाटकातील कोलारच्या खाणींत 1880 मध्ये जॉन टेलर यांच्या ब्रिटिश कंपनीने आधुनिक पद्धतीने काम सुरू केले. त्या खाणींसाठी 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून वीज आणली गेली, आणि पुढे चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. तेथील खडक इतका तप्त असे की कामगारांसाठी थंड हवा खाली सोडावी लागे, आणि प्रचंड दाबाने खडक अचानक फुटून अनेकांचे प्राण जात.

1956 मध्ये खाणी सरकारकडे आल्या, परंतु खनिजातील सोने घटत गेले, खोलीबरोबर खर्च वाढत गेला आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी काम थांबले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबलेल्या, बहुतांशी तमिळ भाषक कुटुंबांतील अनेकांना त्यानंतर रोजगारासाठी दररोज रेल्वेने बंगळूर गाठावे लागले. खनिजातून सोने वेगळे करण्याच्या सायनाइड प्रक्रियेनंतर उरलेल्या गाळाच्या टेकड्या मात्र वस्तीलगत तशाच राहिल्या. त्यांची धूळ आजही घराघरांत शिरते.