आमची वाटचाल: उडणाऱ्या विषाकडून न उडणाऱ्याकडे

अमेरिकेच्या ईशान्य भागातले बंद पडलेले लष्करी तळ हे आमचं कार्यक्षेत्र; तिथलं दूषित भूजल साफ करणं हे आमचं काम. सुरुवात टीसीईने झाली, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायला ते तळांवर सर्रास वापरलं जाई. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे सांडलेलं टीसीई खाली उतरून चिकणमातीच्या थरावर साचतं. पिण्याच्या पाण्यात तिथली मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम.

त्यावरचं यंत्र साधं: उंच मनोरा, आत प्लास्टिकचे पोकळ तुकडे, वरून पाणी, खालून पंख्याची हवा. टीसीई हवेत उडतं आणि ती हवा सक्रिय कोळशातून, म्हणजे रसायनं धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशातून, बाहेर सोडायची. मनोरा बंद पडतो तो बहुतेकदा लोहामुळे. विरघळलेलं लोह हवा लागताच गंजासारखं होऊन तुकड्यांवर बसतं आणि पंख्यावरचा दाब चढतो. दाब रोज नोंदवला तर ॲसिडने धुवायची वेळ आधीच कळते. खरी फसगत पंप थांबवल्यावर होते. पाणी स्वच्छ आलं म्हणून पंप बंद केले, की चिकणमातीत मुरलेलं टीसीई हळूहळू बाहेर येतं आणि आकडे पुन्हा वर जातात. ‘अमुक वर्षांत साफ’ असं लिहून देणं आम्ही त्यामुळेच सोडलं.

धंद्याची दिशा बदलली 2014 मध्ये. न्यू हॅम्पशायरमधला पीज हवाई तळ 1991 मध्ये बंद झाला होता. तिथल्या हेवन विहिरीत पीएफओएस, म्हणजे सहज न मोडणारं एक फ्लोरिनयुक्त रसायन, लिटरला 2.5 मायक्रोग्रॅम निघालं, तेव्हाच्या 0.2 च्या सल्लामर्यादेच्या बारापट. विहीर मे महिन्यात बंद झाली. उगम आग विझवण्याच्या फेसात. 2024 मध्ये ठरलेली मर्यादा तर लिटरला 4 नॅनोग्रॅम, म्हणजे एक लाख कोटी भागांत 4 भाग!

पीएफओएस हवेने उडत नाही, उलट मनोऱ्यात फेस करतं. तेव्हा मनोरे सोडून आम्ही कोळशाच्या टाक्यांकडे वळलो. मिनिटाला 2,000 लिटर पाणी असेल तर प्रत्येक टाकीत 20 घनमीटर दाणेदार कोळसा लागतो, म्हणजे पाणी दहा मिनिटं कोळशात राहतं. टाक्या दोन, एकीमागे एक. नवा कोळसा रात्रभर भिजवायचा, नाहीतर छिद्रांतली हवा निघत नाही. मग एकदाच उलटं पाणी सोडून भुकटी काढायची. पुढे उगाच उलटं धुतलं तर वरचा भरलेला कोळसा तळाशी मिसळतो आणि दूषित पाणी लवकर पार होतं.

आधी निसटतात ती पीएफओएसच्याच कुळातली, पण कार्बनची साखळी छोटी असलेली संयुगं. म्हणून नमुने फक्त शेवटच्या नळावर न घेता टाकीच्या मधल्या तोट्यांवरही घ्यावेत. पहिली टाकी भरली की दुसरी पुढे आणायची आणि ताजा कोळसा मागे. या अदलाबदलीत एखादा व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर कच्चं पाणी थेट पलीकडे जातं आणि दोष मात्र कोळशाला मिळतो.

कोळशाऐवजी रेझिन, म्हणजे ही रसायनं पकडणारे प्लास्टिकसारखे बारीक मणी, वापरले तर दोन-तीन मिनिटं पुरतात, टाकी लहान होते. पण क्लोरीन आणि लोह त्याला सोसत नाही, आधी 5 मायक्रॉनची गाळणी हवीच.

नमुन्यांबाबत आम्ही हट्टी आहोत. टेफ्लॉनची टेप किंवा नळी नको, जलरोधक जॅकेट नको, कारण त्यांतूनही याच कुळातली रसायनं नमुन्यात येऊ शकतात, आणि प्रत्येक खेपेला कोऱ्या पाण्याची एक बाटली सोबत. तिच्यात काही निघालं, तर त्या दिवसाचे सगळे नमुने पुन्हा.

कोळसा विष पकडतो, संपवत नाही. वापरलेला कोळसा उच्च तापमानाच्या भट्टीत जातो आणि तो खर्च दरवेळी येतो. आमच्या दरपत्रकात टाक्यांच्या किमतीच्या आधी कोळसा बदलण्याचा खर्च असतो. बऱ्याच ग्राहकांना तो आकडा तिथे आवडत नाही.