तिसरीचा पेपर आणि कडेवरचे मूल

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत ज्या वस्तीवर मी सात वर्षे शिकवले, तिथली शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची होती. वर्ग पहिली ते चौथी, पट 34, समोर लिंबाचे एक झाड, एक हापसा आणि पत्र्याचे स्वयंपाकघर. अशा शाळेत वर्षाचे दोन भाग आपोआप पडतात. जूनपासून दिवाळीपर्यंत वर्ग भरलेले असतात आणि दसऱ्यानंतर कारखान्यांचे गाळप तोंडावर आले की पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडणीला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या वस्तीवर येऊ लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल घेतलेली असते, ती लग्नात, दवाखान्यात किंवा आधीच्या कर्जात खर्चही झालेली असते, आणि ती फेडण्यासाठी पुढचे पाच-सहा महिने पहाटेपासून उसाच्या फडात राबावे लागते. एक दिवस जरी काम बुडाले तरी खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबातून कापला जातो. पालक मुलांना शाळेतून का नेतात, असे मला बाहेरची माणसे विचारतात, तेव्हा मी आधी हा हिशेब सांगतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वीची पहिली संकलित चाचणी चालू होती. तिसरीचा गणिताचा पेपर अकरा वाजता होता. मी सकाळी पावणेनऊला पोहोचलो, तेव्हा तिसरीतली एक मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली होती. तिच्या मांडीवर तिचा दहा महिन्यांचा भाऊ होता आणि शेजारी पाटी, पेन्सिल, खोडरबर नीट मांडून ठेवलेले होते. मला पाहताच ती उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माझा पेपर आधी घेता का? आमची गाडी दहा वाजता येणार हाय.”

तिसरीच्या मूल्यमापनात 60 गुण आकारिकचे, म्हणजे वर्गात चालू असलेल्या नोंदींचे, आणि 40 गुण सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे असतात, त्यातले 30 लेखीचे, आणि प्रश्नपत्रिका आम्हीच काढत असल्यामुळे ती एका मुलीला दोन तास आधी देण्यात कोणतीही अडचण नव्हती. अडचण मला वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. त्या वस्तीवरच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह पाठवलेला होता. आमच्याकडे वसतिगृह म्हणजे वेगळी इमारत नसते. मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय समिती शाळेत करते. मंजुरी मात्र त्या दिवसापर्यंत हातात आलेली नव्हती. तरीही मी घरोघरी फिरून अकरा मुलांच्या पालकांकडून मुले मागे ठेवण्याचा शब्द घेतला होता, आणि त्या अकरांत हिचेही नाव होते. ती जाणार आहे हे मला त्या पायरीवर कळले.

मी वर्ग उघडला आणि तिला पेपर दिला. बाळाला सतरंजीवर ठेवावे असे मी सुचवले, पण ते रांगत दाराकडे जाईल म्हणून तिने त्याला मांडीवरच घेतले आणि डाव्या हाताने धरून उजव्या हाताने लिहायला सुरुवात केली. वजाबाकीचे उदाहरण होते, 402 मधून 178 वजा करा. मध्ये शून्य आले की तिसरीतली बरीच मुले अडखळतात, कारण हातचा घ्यायचा कुठून हेच त्यांना उमगत नाही. मी दशक शिकवताना काड्यांचे गठ्ठे वापरत असे, पण हिने पहिल्याच दिवशी त्या गठ्ठ्याला मोळी म्हटले होते, आणि तेव्हापासून आमच्या वर्गात दशकाची मोळी आणि शतकाची मोठी मोळी हेच शब्द रूढ झाले होते. त्या सकाळी ती ओठांत पुटपुटत होती, “सुटं दोनच हाईत. मधी मोळी न्हाई. मोठी मोळी सोडली.” तिने 402 मधले एक शतक सोडून दहा दशक केले, त्यातला एक दशक सोडून बारा एकक केले आणि उत्तर लिहिले 224. मी बाळाला उचलून घेण्यासाठी हात पुढे केले, पण अनोळखी हात दिसताच ते रडू लागले आणि तिने पेन्सिल खाली ठेवून त्याला थोपटले. एवढे सोडले तर तिने मान वर केली नाही.

साडेनऊला माझ्या सहकारी शिक्षिका आल्या. त्यांना वर्गात बसवून मी समितीच्या अध्यक्षांना सोबत घेतले आणि तिच्या घरी गेलो. अंगणात संसार बांधून ठेवलेला होता. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, दोन हंडे, कोपीसाठी, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसाठी, ताडपत्री आणि धार लावून फडक्यात गुंडाळलेले कोयते. मी तिच्या आईला म्हणालो, “वहिनी, तुम्ही तर ठेवते म्हणाला होता. वर्गात तिच्यासारखी वजाबाकी कुणाला येत नाही. जेवणाची सोय आम्ही करतो, मंजुरी येईपर्यंत मी माझ्याकडून करीन.”

त्या पोत्याचे तोंड शिवत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, “गुर्जी, जेवायचं मला कळतंय. पर मी फडात उभी राहिले की ह्या लेकराला कुणापाशी ठेवू? मागल्या साली शेजारच्या कोपीतलं पोर पाचटात रांगत गेलं, त्याच्या अंगाशी साप निघाला. माझं अंगावर पितंय अजून, त्याला हितं सोडून जाता येत न्हाई. तुमीच सांगा.”

अध्यक्षांनी अंगणवाडीचा विषय काढला, पण अंगणवाडीच्या वर्गात तीन वर्षांपुढची मुले बसतात आणि दहा महिन्यांच्या बाळाला आईपासून सहा महिने दूर ठेवण्याची गोष्ट बोलण्यातही अर्थ नव्हता. ओसरीवर आजी बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस आवाजावरून ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, “मला दिसत असतं तर मीच गेले असते रं बाबा बाळाला घेऊन. पोरगी राहिली असती साळंत.”

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही, कारण तोपर्यंतची माझी सगळी समजूत त्याच्या उलट होती. आम्ही दर वर्षी आजी-आजोबांना विनवत होतो की तुम्ही गावात थांबा, म्हणजे नातवंडे थांबतील. ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरात आजीने जावे आणि मोठ्या मुलीने थांबावे, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलत होतो आणि तिची आई बाळाला धरायला लागणाऱ्या दोन हातांबद्दल बोलत होती. ते दोन हात दुसऱ्या कुणाचे मिळाले असते, तर आमच्यात वाद उरलाच नसता.

दहा वाजून वीस मिनिटांनी ट्रकचा हॉर्न वाजला. मी शाळेत परतलो तेव्हा तिने पेपर पूर्ण करून सहकारी बाईंकडे दिला होता. आम्ही घाईने शिक्षण हमी कार्ड भरले. स्थलांतरित मुलाला जाईल त्या गावच्या शाळेत बसता यावे आणि त्याची हजेरी व प्रगती तिथल्या शिक्षकांना नोंदवता यावी, यासाठी ते असते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि दाखला हातात नाही म्हणून कोणत्याही शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही, हे मी तिच्या वडिलांना दोनदा समजावून सांगितले. कार्डाच्या मागे मी माझा फोन नंबर लिहिला. स्वयंपाकी मावशींनी त्या दिवशीची खिचडी अजून शिजत असतानाच डब्यात घातली. ट्रकमध्ये चार कुटुंबे, दोन शेळ्या आणि ताडपत्र्यांचे ढीग होते. तिला वर चढवायला वडिलांनी हात दिला, पण तिने आधी बाळाला वर दिले आणि मगच स्वतः चढली.

अकरा वाजता मी उरलेल्यांचा पेपर घेतला. तिला लेखीत 30 पैकी 28 गुण मिळाले.

मंजुरी पंधरा दिवसांनी आली. त्या हंगामात आमच्याकडे अकराऐवजी सात मुले राहिली. डिसेंबरअखेर मला सांगली भागातल्या एका शिक्षकांचा फोन आला. कार्ड घेऊन एक मुलगी शाळेत आली आहे, पण तिच्या कडेवर मूल आहे, तेव्हा काय करावे, असे ते विचारत होते. मी त्यांना विनंती केली की मुलासह बसू द्या, ती तशीच पेपर सोडवते. ते गृहस्थ चांगले होते, ते हो म्हणाले. एप्रिलमध्ये टोळी परतली तेव्हा कार्डावर 41 दिवसांची हजेरी होती आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘गुणाकार समजला, भागाकार बाकी’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. ज्यांना मी कधी पाहिले नाही त्या शिक्षकांचा मी अजूनही ऋणी आहे.

पुढच्या वर्षी आम्ही ऑक्टोबरची वाट पाहिली नाही. ऑगस्टच्या बैठकीतच समितीने स्थलांतराची यादी केली आणि प्रत्येक घरापुढे एक नवा रकाना आखला : घरात तान्हे मूल आहे का, आणि फडावर ते कोण सांभाळणार. सहकारी बाईंनी त्या आजींना घेऊन जिल्हा रुग्णालयात दोन खेपा केल्या आणि त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मुलीला ठेवून घ्यायला तिची चुलती तयार झाली. चुलतीला तयार करायला अध्यक्षांना तीन वेळा जावे लागले, कारण वयात येत असलेल्या मुलीची जबाबदारी कुणी सहज घेत नाही, आणि त्या भीतीला कारण नसते असे मी म्हणणार नाही.

दसरा झाला आणि गाडी आली. बाळ आता चालत होते, आईचे दूध सुटले होते. आजी काळा चष्मा लावून ट्रकमध्ये पुढच्या बाजूला बसल्या आणि त्यांनी नातवाला पदराखाली घेतले. मुलगी गाडीपर्यंत गेली, तिने भावाचे टोपडे बांधले, आईने दिलेली वीस रुपयांची नोट मुठीत धरली आणि साडेदहाला चौथीच्या रांगेत येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. मी हजेरी घेतली आणि भागाकार शिकवायला सुरुवात केली.