मापाची वही आणि पाळी गेल्यानंतरची वर्षं

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत मी ब्लाउज शिवते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: दोन मशिनी, कापायचं टेबल आणि पडद्यामागे माप घ्यायची जागा. गिऱ्हाइकांची मापं वहीत लिहिते आणि जुन्या वह्या रद्दीत घालत नाही. लग्नाचा शालू घेऊन आलेल्या कितीतरी पोरी आता स्वतःच्या सुनांना घेऊन येतात. त्यांची तेव्हाची आणि आताची मापं माझ्याकडे आहेत.

पंचेचाळीस-पन्नासच्या घरात एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकीची होते. छाती इंचभर वाढते, कंबर दोन-तीन इंच वाढते, आणि कुल्ह्यांचं माप मात्र होतं तिथेच राहतं. "ताई, मी त काही जास्त खाऊन नाही राहिली, मग हा ब्लाउज काहून घट्ट होऊन राहिला?" ती खोटं बोलत नसते. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं आणि मांड्या-कुल्ह्यांवर बसणारी चरबी पोटावर बसायला लागते. वयाबरोबर स्नायूही कमी होतात, म्हणून तेवढंच खाऊनही अंग वाढतं. मी शिवतानाच आत भरपूर माया, म्हणजे शिवणीला जास्तीचं कापड, सोडते, त्यामुळे उसवून ढिला करणं काही अवघड नसतं. पण पोटातली ही चरबी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल बरोबर घेऊन येते. तेव्हा ब्लाउज परत देताना मी या तिन्ही तपासण्या करून घ्यायला सांगते. कोणाला राग येतो, कोणी हसून सोडून देतं.

मग अस्तराची भांडणं. जन्मभर अस्तर लावून घेतलेल्या बाया अचानक म्हणतात, अस्तर काढा, बाही आखूड करा, सुतीच कापड पाहिजे. गांधीबागेतून टू-बाय-टू रुबियाचे तागे मी याच बायांसाठी आणते. मे महिन्यात नागपुरात घाम कोणाला येत नाही, म्हणून पाळी जायच्या सुमारास येणाऱ्या गरम वाफा आपल्याकडे ओळखायलाच उशीर होतो. पण उन्हाचा घाम कूलरपुढे बसलं की जिरतो. ही वाफ छातीतून उठते, गळ्यावरून तोंडावर चढते, दोन-चार मिनिटं राहते, आणि मग त्याच ओल्या पाठीला थंडी वाजते. डिसेंबरात पहाटे रजई फेकून बाई उठून बसली तर ती उन्हामुळे नक्कीच नाही.

मे २०२४ मध्ये आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. (नागपूरचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९.) मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा जो भाग असतो, इस्ट्रोजेन उतरल्यावर त्याचंही हेच होतं. जराशी ऊब त्याला आग वाटते, तो रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो. बाहेर सगळं ठीक असतं, यंत्र चुकीचं वाचतं.

"वर्षभरात जाईल" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सरासरी सात वर्षं हा त्रास राहू शकतो, काहींना त्याहून जास्त. रात्री झोप मोडते, दिवसा चिडचिड होते, नाव आठवत नाही, आणि घरचे म्हणतात हिचा स्वभाव बदलला. थायरॉइड बिघडलं तरी असंच होतं, म्हणून ती एक तपासणी करावीच. पंचेचाळिशीनंतर पाळी पुढे-मागे होत असेल तर हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज नसते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली, हा हिशेब पुरेसा आहे. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. चाळिशीच्या आत झालं तर मात्र ते वयाचं समजून सोडायचं नाही, डॉक्टरकडे जायचंच.

वाफांवरच्या हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की बाया कॅन्सर म्हणतात. ही भीती २००२ सालची. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास तेव्हा मधेच थांबवला होता, कारण गोळ्या घेणाऱ्या बायांत स्तनाचा कॅन्सर आणि हृदयाचे त्रास थोडे जास्त दिसले. पण त्यातल्या पुष्कळ बाया साठीच्या पुढच्या होत्या. नंतर तीच माहिती वयाप्रमाणे पुन्हा तपासली, तेव्हा कळलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि बाई बाकी ठणठणीत असेल, तर वाफांचा त्रास जास्त असताना फायदा बहुधा धोक्यापेक्षा मोठा ठरतो. स्तनाचा कॅन्सर, लकवा, पायात रक्ताची गाठ, लिव्हरचा आजार झालेला असेल तर नाही. गर्भाची पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. हार्मोन नको असेल तर दुसरीही औषधं आहेत. हे सगळं डॉक्टरसमोर बसून ठरवायचं, मेडिकलच्या काउंटरवर नाही. आणि झणझणीत सावजी रस्सा खाल्ला की वाफ हमखास येते हे मी स्वतःवरून सांगते, पण नागपुरात राहून कोणाला सावजी सोड म्हणायची माझी छाती नाही. रात्री नका खाऊ, दुपारी खा.

आता ते, जे पडद्यामागेच बोललं जातं.

टेप कमरेभोवती असताना बाई भिंतीकडे तोंड करून बोलते. "खाली आग होते." "शिंक आली की ओलं होते." "यांना जवळ येऊ द्यावंसं वाटत नाही, दुखते ना माय." एवढं मला सांगतात, आणि मग टेप गुंडाळून झाला की म्हणतात, जाऊ द्या, वयच झालं. मला तरी कशाला सांगायचं मग?

माझंही तेच झालं होतं. पाळी जाऊन दोनेक वर्षं झाल्यावर लघवीला जळजळ सुरू झाली. मशीनवर बसलं की टोचल्यासारखं व्हायचं, कळ आली की धरवत नसे. ज्या दवाखान्यात जात होते तिथे प्रत्येक वेळी तीच अँटिबायोटिक गोळी मिळायची आणि "पाणी भरपूर पीत जा" हे वाक्य. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी, कधी सांगितलं नाही, तपासणीच्या टेबलावर कधी घेतलं नाही. गोळी संपली की पुन्हा तेच. शेवटी माझ्या भाचीनं, ती नर्स आहे, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी आधी नीट तपासलं आणि मग समजावून सांगितलं. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीची आणि लघवीच्या मार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते. तिथले राखणदार जंतू कमी होतात आणि बाहेरच्या जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणून इन्फेक्शन परत परत येत होतं. गरम वाफा काही वर्षांनी आपसूक कमी होतात. हे कोरडेपण मात्र उपचार केला नाही तर वाढत जातं.

त्यांनी इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं. ट्यूबसोबत प्लास्टिकची नळी येते, रात्री झोपताना आत लावायचं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फारसं जात नाही, जागेवरच काम करतं. फरक पडायला काही आठवडे लागले. मेडिकलमधल्या पोट्ट्यानं ट्यूब आधी कागदात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत घातली आणि माझ्याकडे न बघता पैसे घेतले. मी तिथेच पिशवीतून काढून तारीख तपासली. आता लघवीचं इन्फेक्शन नाही, आणि पडद्यामागे "खाली आग होते" ऐकलं की मी विचारते, डॉक्टरनं टेबलावर घेऊन तपासलं का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं.

शिंकताना थेंब जाण्याचा इलाज त्याहून स्वस्त आहे. वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो तसं आवळायचं, मनात पाच-सात आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहाएक वेळा, दिवसातून तीनदा. मी तुरपाई करताना करते, समोरच्याला काही कळत नाही. तीनेक महिने नेटानं करावं लागतं.

हाडांचं सांगायचं तर मला वहीच उघडावी लागेल. ब्लाउजचं एक माप खांद्यापासून पुढून कमरेपर्यंत असतं, दुसरं मानेच्या मणक्यापासून पाठीवरून कमरेपर्यंत. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंचं पुढचं माप हळूहळू दीड इंचानं कमी झालं आणि पाठीचं वाढलं. ब्लाउज पाठीवर वर चढायचा, पुढे गळ्याशी झोल पडायचा. आधी मला वाटलं कापडच आटलं. मग परकराची उंची पाहिली, ती होती तेवढीच. म्हणजे पाय तसेच आणि धड आखूड झालेलं. शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये पूर्वी माझी चार बोटं सहज बसायची, आता दोन बसेनात. त्या कुठे पडल्या नव्हत्या, पाठ दुखते एवढंच म्हणायच्या. एक्स-रे काढला तर दोन मणके चेपलेले निघाले. असं चेपणं बरेचदा न कळतच होतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाड सगळ्यात वेगानं झिजतं, आणि तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणके तपासलेच पाहिजेत.

डेक्सा नावाची हाडांची तपासणी असते, तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली. मास्तरीणबाईंना आठवड्याला एक गोळी आहे: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. त्या अर्ध्या तासात त्या अंगणात झाडांना पाणी घालतात.

कॅल्शियम या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, असं आयसीएमआरचं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रमाण आहे. चहातल्या दुधानं ते भरत नाही. दही, ताक, तीळ, नाचणी पाहिजे, आणि नाचणी आपल्याकडे विदर्भात कोण खातं? जवसाची चटणी रोज असते, ती चांगलीच आहे, पण जवसानं गरम वाफा थांबतात हे मोबाइलवर फिरणारं खरं मानू नका, तपासलं तेव्हा तसं दिसलं नाही. सोयाबीनचं थोडंफार काही आहे म्हणतात, तर आपलं शेतच्या शेत सोयाबीनचं आणि घरात येतं फक्त तेल. उन्हाचंही तसंच. एवढं ऊन असलेल्या शहरात आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं डी जीवनसत्त्व कमी, कारण स्कूटीवर बसताना डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये आणि हातमोज्यात.

पिशवीबद्दलही बोलते. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हे वाक्य फार सहज बोललं जातं. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर त्याच दिवसापासून पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात, वय अडतीस असलं तरी. हाडं आणि हृदय लवकर धोक्यात येतात. म्हणून ऑपरेशनआधी विचारायचं: का काढताय, दुसरा उपाय आहे का, अंडाशयं ठेवणार की नाही? आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं.

आता माझ्या जाऊबाई. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली आणि एक दिवस अंगावरून लाल गेलं, थोडंसंच. घरात कौतुक झालं, "पुन्हा तरुण झाली वाटते!" मी हसले नाही. पाळी गेल्यावर एक थेंब जरी गेला तरी तो पाळीचा नसतो. बहुतेकींत कारण साधं निघतं, कोरडेपण नाहीतर पॉलिप, म्हणजे आत वाढलेला मांसाचा कोंब, पण दहा जणींमागे साधारण एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होणाऱ्यांपैकी आहे. सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर तुकडा काढून तपासतात. जाऊबाईंचं बरंच जाड होतं. तुकड्याचा रिपोर्ट यायला लागलेले दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. पॉलिप निघाला, काढला, मिटलं. भासरे सगळा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते, रिपोर्ट हातात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पाळी जाते म्हणजे नेमकं काय होतं.

डागा, मेयो, मेडिकल कॉलेज, मिहानातलं एम्स, या सगळ्या सरकारी दवाखान्यांत बायांची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा. शेवटची पाळी कधी आली होती ती तारीख, चालू गोळ्या आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या. आणि मला पडद्यामागे जे सांगता ते तिथे शब्दाला शब्द सांगा. आमच्या डॉक्टरीणबाईंचं नाव इथे लिहीत नाही, दुकानात येऊन विचारा. ब्लाउज शिवायला टाकलाच पाहिजे असं नाही, पण टाकणार असाल तर दिवाळीच्या ऑर्डरी नवरात्रानंतर मी घेत नाही.