बाबांनी बटण बंद केलं

रात्री अकराची शेवटची फेरी बाबांची. गॅस, गीझर, नळ, दाराची कडी. इलेक्ट्रिक एसयूव्ही घरात आली तशी या फेरीत तीही आली, हे मला उशिरा कळलं.

पहाटे निघायचं होतं. पाच माणसं, १८० किलोमीटर. सामान डिकीत कोंबून गाडी चालू केली, तर स्क्रीनवर ३६ टक्के! रात्री दहाला चार्जिंगला लावली तेव्हा ३१ होते.

"बाबा, बटण तुम्ही बंद केलंत?"

"हो. प्लग तापला होता."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आमची बॅटरी ६० युनिटची. १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरून तासाला जेमतेम तीन युनिट आत जातात, म्हणजे पाच टक्के. पहाटे सहाला त्यावर काही उपाय नसतो. वाटेत फास्ट चार्जर गाठावा लागला. ६० किलोवॉटचा, दोन गनचा, म्हणजे एका वेळी दोन गाड्यांना नळी लावता येणारा. एकटे होतो तोवर झकास चाललं. शेजारी दुसरी गाडी लागली आणि आमचा आकडा थेट ३० किलोवॉटवर. "ते आपली वीज का घेतायत?" मुलीने काचेतून एवढ्या जोरात विचारलं, की त्या लोकांनी मान वळवली. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेल्यावर तर चार्जिंग रांगायलाच लागलं. मी समजावणार, तोच बाबा म्हणाले, "हंडा भरत आला की नळ बारीक करावाच लागतो." हेच समजायला मला तीन व्हिडिओ लागले होते.

घरी परतल्यावर सॉकेट नीट पाहिलं. एका भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं. इलेक्ट्रिशियनने उघडलं तर आत स्क्रू सैल, वायर बारीक, आणि तीच लाइन पुढे वॉशिंग मशीनला गेलेली. गीझरही तेवढीच वीज ओढतो, पण पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी आठ-दहा तास सलग ओढते, त्यात सैल जोड तापणारच. गाडी घेताना आम्ही रेंजवर महिनाभर वाद घातला, बूट स्पेस टेप लावून मोजली. भिंतीतली वायर कोणी पाहिली नव्हती.

मग मीटरपासून वेगळी जाड लाइन ओढली, वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, बसवला, अर्थिंग तपासून घेतलं आणि ७.२ किलोवॉटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावला. आता २० ते ८० टक्के व्हायला पाच-सहा तास पुरतात. रोजची मर्यादा ८० वरच ठेवलीय. बाबांना ते पटत नाही. पैसे शंभर टक्क्यांचे दिलेत ना, म्हणतात.

त्यांची फेरी चालूच आहे. वॉल बॉक्सवर तळहात ठेवतात, मग गनवर, मग केबलवर. ॲपवर सगळं दिसतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. भिंतीतली वायर तापली तर तेही दिसतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

नाही दिसत.