यादीबाहेरचा मुलगा

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी माझ्या यादीत 22 नावं होती. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची, सगळ्यात थोरल्या आजी 68 वर्षांच्या. पुण्याच्या आसपासचे सोपे ट्रेक कुटुंबांना करवणं हे माझं नऊ वर्षांचं काम, आणि त्यातलं अर्धं काम म्हणजे माणसं मोजणं. बसमध्ये, पायऱ्यांच्या तळाशी, प्रत्येक थांब्यावर. पुढे मी, सगळ्यांच्या मागे दुसरा लीडर, म्हणजे बॅकलीड, आणि चाल ठरते ती सगळ्यात हळू चालणाऱ्याची. एवढं पाळलं की बेडसे लेण्यांच्या साधारण 400 पायऱ्या आजीही बोलत बोलत चढतात.

बेडसे मी सकाळच्या उन्हासाठी निवडतो. तिथलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, पूर्वेकडे तोंड करून आहे. समोरचा कातळ कारागिरांनी तसाच ठेवल्यामुळे दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेने आत जाईपर्यंत काही दिसत नाही, आणि मग ते खांब एकदम समोर येतात. मान पार मागे टाकावी लागते. वर घोडे, हत्ती, त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेखही तिथेच कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकचा माणूस इथे दान देऊन गेला, हे मुलांना सांगताना मला दरवेळी बरं वाटतं.

आदल्या दिवशी मी पाहणीला गेलो होतो. वरच्या कड्याला आग्या मोहोळाची दोन पोळी लटकत होती. आग्यामाशी पोकळीत घर करत नाही. उघड्या कड्याखाली एकच मोठं पोळं बांधते आणि माश्याच त्यावर पडद्यासारख्या बसतात. काही जवळ आलं की त्या पडद्यावरून चमकती लाट सरकते. मी तासभर बसून पाहिलं, लाट जेमतेम एकदा सरकली. म्हणून ट्रेक रद्द केला नाही. सगळ्यांना निरोप मात्र पाठवला : अत्तर नको, डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको. माझ्या माणसांनी यातला शब्द न् शब्द पाळला.

ड्रोन आमचा नव्हता. लग्नाआधीच्या फोटोंसाठी एक जोडपं आलं होतं, सोबत फोटोवाले तिघं. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही हे पहारेकऱ्याने त्यांना सांगितलं होतं. ते हो म्हणाले आणि खाली पायऱ्यांवर जाऊन त्यांनी तो उडवला. वरून घरघर ऐकू आली तेव्हा आम्ही ओसरीत होतो. मग पिकलेल्या केळ्यासारखा वास आला. डंख मारलेली माशी हा वास सोडते आणि त्यावर बाकीच्या येतात. हा वास ओळखणारे ट्रेक लीडर फार थोडे आहेत, आणि प्रथमोपचाराच्या शिबिरांत तो कुणी शिकवत नाही याची मला चीड आहे.

चिंचोळ्या वाटेने 22 जण बाहेर काढायचे, तर निम्मे उघड्यावर अडकले असते. मी सगळ्यांना आत, स्तूपामागच्या अंधारात नेलं. ओढण्या, जॅकेट डोक्यावरून. हात झटकायचे नाहीत. मुलं भिंतीकडे तोंड करून बसली. मोजले, 22. एकूण पाच जणांना मिळून आठ-नऊ डंख.

तेवढ्यात ड्रोनवाला मुलगा धावत आत आला. विशीतला असेल. मानेवर, कानांवर, पापण्यांवर माश्या. आजींनी आपली शाल त्याच्यावर टाकली. आग्यामाशीचा काटा कातडीत राहतो आणि विषाची पिशवी त्यातून विष ढकलत राहते, म्हणून हाताला लागेल त्याने लगेच खरवडायचं. मी एटीएम कार्डाने खरवडत चाळीसपर्यंत काटे मोजले आणि मोजणं सोडून दिलं. त्याला उलटी झाली. ओठ सुजले, जिथे एकही डंख नव्हता त्या पोटावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. म्हणजे अ‍ॅलर्जी अंगभर पसरली होती. आता अ‍ॅलर्जीच्या गोळीवर थांबून चालणार नव्हतं, त्याला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच हवं होतं.

बाहेरची घरघर थांबली होती, माश्या पांगत होत्या. मी बॅकलीडला म्हटलं, याला घेऊन खाली जा, यांच्याच गाडीने कामशेतचा दवाखाना गाठ. तेव्हा आमच्यातल्या एका मुलाचे बाबा पुढे आले.

"दादा, तो आपल्यातला नाहीये. उद्या आमच्या पोराला काही झालं तर इथे कोण आहे?"

त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, त्याला दोन डंख. त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. दोन लीडरशिवाय मुलं न्यायची नाहीत, हा नियम मीच घातलेला. तरी मी बॅकलीडला पाठवलं. पुढचा पाऊण तास त्या सहा वर्षांच्या पोराजवळ बसून, डंखाची लाली पसरते का हे पाहत, त्याचे श्वास मोजत होतो. त्याचे बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ड्रोनवाल्याला दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर बॅकलीडला म्हणाले, वेळेत आणलंत. आमचे सगळे दुपारपर्यंत घरी पोचले. ते कुटुंब पुन्हा आलेलं नाही.

तो मुलगा तिथेच गेला असता तर, हा विचार मला फारसा येत नाही. येतो तो दुसरा : त्या पाऊण तासात त्या पोराचे ओठ सुजले असते तर मी काय केलं असतं? पायऱ्या चारशे, मी एकटा, बाकीचे वीस जण वर. उत्तर मिळालेलं नाही. पुढच्या महिन्यात बेडशालाच मुलांची तुकडी आहे, आणि यावेळी माझ्याबरोबर तिसरा लीडर आहे. त्याचा खर्च फीमध्ये वाढवल्यावर दोन कुटुंबांनी विचारलं, एवढ्या सोप्या ट्रेकला तीन माणसं कशाला? मी त्यांना हे सगळं सांगितलं. एक कुटुंब येतंय.