तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षकाच्या दारातला मालवाहू ट्रक

महाराष्ट्रातून पहिल्यांदाच मिशिगनला आलेली मंडळी डेट्रॉईटच्या आसपासच्या कुठल्याही वस्तीतून एक फेरी मारून आली की मला हमखास एक प्रश्न विचारतात. या घरांमध्ये शिक्षक, परिचारिका, बँकेतले अधिकारी राहतात, मग त्यांच्या दारात मालवाहू पिकअप का उभे असतात? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाजार समितीच्या आवारातली, कांद्याच्या गोण्यांनी भरलेली बोलेरो पिकअप असते आणि त्या गाडीतून कोणी मुलांना शाळेत सोडायला जात नाही. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. मी वाहन उद्योगात काम करतो आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला दर वेळी एकाच वाहनाची कथा सांगावी लागते. ते वाहन म्हणजे फोर्ड कंपनीची एफ-सिरीज. १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, सगळ्या मोटारींनाही मागे टाकून, सर्वाधिक खपणारे वाहन, असा तिचा लौकिक आहे. एकट्या २००४ मध्ये या मालिकेतील ९,३९,५११ गाड्या विकल्या गेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्नच्या कारखान्यातून चार कोटीवी गाडी बाहेर पडली.

पिकअप हा प्रकार मुळात शेतकऱ्यांनी आणि लोहारांनी घडवला. फोर्डची मॉडेल टी मोटार घ्यायची, तिचा मागचा भाग काढून टाकायचा आणि तिथे लाकडी पेटी बसवायची, हा उद्योग गावोगावी चालत असे. ते पाहून कंपनीने १९१७ मध्ये एक टन भार वाहणारी मॉडेल टीटी ही चासी ६०० डॉलरला विकायला काढली, आणि १९२५ मध्ये पोलादी हौदा व उघडझाप होणारा मागचा फाळका कारखान्यातच बसवलेली छोटी गाडी २८१ डॉलरला बाजारात आणली. तरीही ही सगळी मोटारीचीच रूपे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या आरंभी, कंपनीने केवळ ट्रक म्हणून आखलेली नवी मालिका सादर केली. तिच्यात अर्ध्या टनाच्या एफ-१ पासून अवजड एफ-८ पर्यंत आठ प्रकार होते.

त्या पहिल्या मालिकेच्या जाहिरातीत सर्वांत जास्त भर कशावर होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तो भर इंजिनावर नव्हता आणि हौद्यावरही नव्हता. केबिनसाठी दहा लाख डॉलर खर्च केले आहेत, असे कंपनी अभिमानाने सांगत होती. सांगाड्याचे धक्के माणसाला बसू नयेत म्हणून केबिन रबरी आधारांवर ठेवली होती. पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, दुसरी पिढी आली, एफ-१ चे नाव एफ-१०० झाले, खिडक्या आणि आसन रुंद झाले आणि ज्याला हवा असेल त्याला ऑटोमॅटिक गिअर मिळू लागला. ट्रक चालवणारा माणूस दिवसाचे आठ-दहा तास त्याच जागेत बसतो, त्याच्या पाठीचा आणि नजरेचा विचार झाला पाहिजे, ही जाणीव त्या काळच्या मालवाहू वाहनांमध्ये दुर्मीळ होती. एफ-सिरीजच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज मला इथेच दिसते.

अर्थात प्रत्येक प्रयोग साधला नाही. १९६१ मध्ये केबिन आणि हौदा एकाच पत्र्यात सलग जोडलेली गाडी काढण्यात आली. ती दिसायला देखणी होती आणि बनवायला स्वस्त पडत असे, परंतु हौद्यात जड माल भरला की अंग पिळवटून दारे अडकतात, असा तिचा बोभाटा झाला आणि दोन-तीन वर्षांतच ती रचना सोडून द्यावी लागली. त्याउलट १९६५ मध्ये आलेल्या दोन गोष्टी दीर्घकाळ टिकल्या. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणाऱ्या जोड-दांड्यांमुळे खडबडीत रस्त्यावर गाडी मोटारीसारखी मऊ चालू लागली. त्याच वर्षी ३०० घन इंचांचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले इंजिनही आले. ते वेगासाठी कधीच ओळखले गेले नाही. कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ देणे आणि वर्षानुवर्षे न कुरकुरता चालणे एवढेच त्याचे काम होते, आणि ते त्याने १९९६ पर्यंत केले. जुन्या गॅरेजमधले मेकॅनिक आजही त्या इंजिनाबद्दल आदराने बोलतात, आणि तो आदर त्याने कमावलेला आहे असे मला मनापासून वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याच्या उत्तराचा मोठा भाग सरकारी दफ्तरात आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतली स्वस्त कोंबडी पश्चिम युरोपच्या बाजारात शिरली आणि तिथल्या देशांनी तिच्यावर जबर आयातकर बसवला. वाटाघाटींतून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये उलट कारवाई म्हणून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार गोष्टींवर २५ टक्के कर लावला. कोंबडीचे भांडण केव्हाच मिटले, बाकीच्या वस्तूंवरचे कर उठले, हलक्या ट्रकवरचा कर मात्र राहिला. परदेशी मोटारींवर कित्येक दशके केवळ अडीच टक्के कर असताना परदेशी पिकअपवर त्याच्या दसपट कर होता. जपानी कंपन्यांनी अमेरिकेचा मोटारींचा बाजार काबीज केला, पण मोठ्या पिकअपच्या बाजारात त्यांना उशिरा आणि अमेरिकेतच कारखाने उभारून उतरावे लागले. डेट्रॉईटच्या फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांना या भिंतीआड निवांतपणे नफा कमावता आला आणि तो नफा त्यांनी पुन्हा त्याच गाड्यांमध्ये ओतला.

दुसरा कायदा प्रदूषणाचा. १९७५ च्या गाड्यांपासून गाडी आणि माल मिळून कमाल एकूण वजन ६,००० पौंडांपर्यंत असलेल्या वाहनांना धुराचे कडक नियम लागू झाले. म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणे आले आणि शिसेविरहित महाग पेट्रोल वापरणे आले. फोर्डने एफ-१०० आणि तिच्याहून दणकट एफ-२५० यांच्यामध्ये एक नवी गाडी बसवली आणि तिचे हे एकूण वजन ६,००० पौंडांच्या जेमतेम वर ठेवले. तीच एफ-१५०. आज जगभर ओळखले जाणारे ते नाव असे एका नियमाच्या सीमारेषेवर जन्माला आले. तेलटंचाईनंतर त्याच वर्षी इंधनबचतीचा कायदा संमत झाला, आणि त्यातही मोटारींसाठी एक मापदंड व हलक्या ट्रकसाठी वेगळा, सौम्य मापदंड ठरला. ट्रक हे शेतकऱ्याचे आणि कारागिराचे साधन आहे, त्याच्यावर बोजा नको, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. परिणाम मात्र असा झाला की मोठ्या, ऐसपैस कौटुंबिक मोटारी बनवणे कंपन्यांना कठीण होत गेले आणि तितकाच मोठा ट्रक बनवणे सोपे राहिले. ज्या कुटुंबाला मोठी गाडी हवी होती, त्याच्यासमोर हळूहळू ट्रकच उरला.

कुटुंब ट्रकमध्ये बसायचे तर जागा हवी. १९७४ मध्ये आसनामागे थोडी जागा असलेली सुपरकॅब आली, पण खरा बदल घडला तो २००१ मध्ये, जेव्हा एफ-१५० ला पूर्ण आकाराची चार दारे मिळाली. त्याआधी चार दारांची केबिन फक्त वरच्या, अवजड गाड्यांवर, म्हणजे रस्तेबांधणीच्या किंवा वीजवाहिन्यांच्या कामावर टोळी घेऊन जाणाऱ्या ट्रकवर मिळत असे. चार दारांच्या नव्या एफ-१५० चा हौदा मात्र साडेपाच फुटांवर आला. पूर्वीचा नेहमीचा लांब हौदा आठ फुटांचा होता, कारण प्लायवूडचा पत्रा चार बाय आठचा असतो आणि सुताराला तो आडवा टाकून फाळका लावता आला पाहिजे. साडेपाच फुटांच्या हौद्यात तो पत्रा फाळका उघडा ठेवूनच न्यावा लागतो. त्याच सुमारास टेक्सासमधील प्रसिद्ध किंग रँचच्या नावाने चामडी आसनांची एफ-१५० विकली जाऊ लागली. आज या मालिकेतील सर्वांत महागड्या गाडीची किंमत एक लाख डॉलरच्या पुढे जाते.

इथे पाहुणे मला थांबवतात आणि विचारतात, की मग हौदा एवढासा असेल तर ट्रकचा उपयोग काय? भारतीय माणसाला न दिसणारी गोष्ट इथे आहे. आपल्याकडची बोलेरो पिकअप दीड टन किंवा त्याहूनही अधिक माल पाठीवर घेते. दारात उभी असलेली अवाढव्य एफ-१५० बहुधा एक टनही घेत नाही. परंतु योग्य इंजिन आणि जोडणी असेल तर तीच गाडी सहा टनांच्या आसपास वजनाचा ट्रेलर मागे ओढू शकते. मिशिगनमधल्या शिक्षकाकडे सरोवरात न्यायची बोट असते, निवृत्त दांपत्याकडे चाकांवरचे घर असते, बागकाम करणाऱ्याकडे यंत्रांचा ट्रेलर असतो, आणि आठवड्याच्या इतर दिवशी तो ट्रेलर अंगणात ठेवून गाडी कामाला नेता येते. भार हौद्यातून ट्रेलरवर गेला, म्हणून हौदा आखूड होऊनही ट्रक हा ट्रकच राहिला. अनेक जण वर्षभरात एकदाही ट्रेलर जोडत नाहीत, हेही खरे आहे; तरी ती शक्यता दारात उभी असणे त्यांना मोलाचे वाटते, आणि त्यांचा हा विचार मला पोकळ वाटत नाही.

मी पत्र्याच्या कामाशी संबंधित असल्यामुळे २०१५ च्या पिढीविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षी कंपनीने आपल्या सर्वांत जास्त नफा देणाऱ्या गाडीचे संपूर्ण अंग पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. सांगाडा उच्च ताकदीच्या पोलादाचाच राहिला, पण केबिन आणि हौदा बदलला आणि गाडीचे वजन सुमारे ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे तीनशे किलोंहून अधिक, घटले. ॲल्युमिनियम पोलादाइतके सहज वेल्डिंगने सांधता येत नाही, म्हणून रिव्हेट आणि चिकट द्रव्य यांवर बहुतेक जोडणी आणावी लागली. त्यासाठी डिअरबॉर्नमधल्या कारखान्याची आतून बाहेरून फेररचना झाली, आणि हे सगळे विक्री चालू असताना करायचे होते. ग्राहकांच्या मनात ॲल्युमिनियम म्हणजे शीतपेयाचा डबा, ही शंका होती. प्रतिस्पर्धी शेव्हरोलेने तर हौद्यात दगडी ठोकळे ओतून भोक पडल्याची जाहिरात केली. तरीही एफ-सिरीज पहिल्या स्थानावरून हलली नाही. इतक्या खपाच्या वस्तूत एवढा मूलभूत बदल करण्याचे धाडस माझ्या कारकिर्दीत मी दुसरे पाहिलेले नाही.

कौतुक करताना एक गोष्ट लपवणे मला योग्य वाटत नाही. या गाड्यांचे बोनेट दर पिढीत उंच होत गेले आणि समोरचा भाग भिंतीसारखा उभा झाला. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांचे बोनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, बुटक्या आणि उतरत्या बोनेटच्या मोटारींच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. ही केवळ एका कंपनीची नव्हे, तर सगळ्याच मोठ्या वाहनांची गोष्ट आहे. इंजिनाला गारवा लागतो आणि ओढीसाठी उंची लागते, ही कारणे मी ऐकली आहेत. गाडीसमोरचे मूल चालकाला दिसलेच पाहिजे, ही अट त्यांच्या वरची असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

अलीकडच्या काळात या ट्रकला एक वेगळेच काम मिळाले आहे. २०२१ च्या पिढीत पेट्रोल इंजिनाला विजेची मोटर जोडलेली संकरित, म्हणजे हायब्रिड, गाडी आली आणि तिच्या हौद्यात थेट वीजजोड मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळाने वीजपुरवठा कोसळला तेव्हा अनेकांनी या गाडीवर घरातले हीटर आणि फ्रिज चालवले, आणि कंपनीने तिथल्या विक्रेत्यांना अशा गाड्या गरजूंना वापरायला देण्याचे आवाहन केले. त्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी, एप्रिल २०२२ मध्ये, पूर्णपणे विजेवर चालणारी एफ-१५० लाइटनिंग प्रत्यक्ष बाजारात आली. ती वेगवान होती, शांत होती आणि घरालाही वीज पुरवू शकत होती. पण जड ट्रेलर जोडला की तिचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येत असे, आणि ज्या कामासाठी लोक हा ट्रक दारात ठेवतात तेच तिला जड जात होते. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने ती गाडी या स्वरूपात बंद करण्याचे जाहीर केले. तिच्या जागी येणाऱ्या गाडीची चाके विजेनेच फिरणार असली, तरी वाटेत बॅटरी भरत राहण्यासाठी तिच्यात एक पेट्रोल इंजिनही असणार आहे.