काकांची वही आणि माझा टॅब्लेट

काकांच्या होडीवरचं जुनं जीपीएस यंत्र गेल्या पावसात कायमचं बंद पडलं. उरली ती वही, वीस वर्षांच्या मासळीच्या जागा लिहिलेली. माझ्याकडे पडून असलेला टॅब्लेट नुसता वायफायवाला, आणि त्यात जीपीएस नाहीच. मित्राने त्याचा जुना ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर दिला आणि मी मालवणला घरी बसून जोडाजोडीला लागलो.

०००० हा कोड टाकल्यावर पेअरिंग झालं, पण ऑसमँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये आपली जागा दाखवणारा ठिपका येईना. अँड्रॉइड असा बाहेरचा रिसीव्हर आपणहून वापरत नाही. मध्ये एक अ‍ॅप लागतं, जे ब्लूटूथवरून माहिती घेऊन 'मॉक लोकेशन', म्हणजे बाहेरून पुरवलेली जागा, म्हणून पुढे देतं. त्यासाठी सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडायचे आणि तिथे ते अ‍ॅप निवडायचं. हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली.

तरी ठिपका नाहीच. मग त्या अ‍ॅपमध्ये रिसीव्हरच्या कच्च्या ओळी बघितल्या. जीपीजीजीएने सुरू होणारी, जागा सांगणारी ओळ दर सेकंदाला येत होती, पण अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसते स्वल्पविराम आणि फिक्सचा, म्हणजे जागा सापडली की नाही याचा, आकडा ०. म्हणजे जोडणी ठीक, उपग्रहच दिसत नव्हते. चिऱ्याच्या भिंती, वर माडांची गर्दी, कुठून दिसणार? शिवाय रिसीव्हर कित्येक महिने बंद. अशा वेळी उपग्रहांचं सगळं वेळापत्रक नव्याने उतरवायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. खळ्यात तुळशीजवळ ठेवला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर ० चा १ झालेला आणि ठिपका बरोबर आमच्या घरावर!

लगेच वहीतली पहिली जागा टाकली: १६ ०३.४, ७३ २६.५. मी टाकलं १६.०३४ आणि ७३.२६५. काकांनी वाकून बघितलं. त्यांचं खडप, म्हणजे पाण्याखालचा मासळीचा खडक, बंदरापासून तीनेक किलोमीटरवर, नकाशातली खूण मात्र तिथून आणखी एकोणीस किलोमीटर खोल समुद्रात.

"थंय जावक डिझेल कोण घालतलो रे झिला?"

चूक सापडली ती पुन्हा त्या कच्च्या ओळीतच. घराचा अक्षांश नकाशात १६.०६ दिसत होता, ओळीत १६०३.७. म्हणजे १६ अंश, ३.७ मिनिटं. वहीसुद्धा अंश-मिनिटांतच! साठाने भागायचं: २६.५ चे ०.४४१७, ३.४ चे ०.०५६७. नंतर कळलं की ऑसमँडमध्ये अंश-मिनिटांचा पर्याय आहेच, मी उगाच कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी रिसीव्हर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून निघालो. प्लास्टिकमधून सिग्नल येतो. उन्हात स्क्रीन मात्र दिसेना, मी डोक्यावर टॉवेल घेऊन आकडे वाचत होतो. काकांनी टॅब्लेटकडे पाहिलंच नाही. किनाऱ्यावरच्या त्यांच्या दोन खुणा एका रेषेत आल्या तसं त्यांनी इंजिन कमी केलं. मी म्हटलं, "काका, अजून तीस मीटर." त्यांनी शिसं बांधलेली दोरी सोडली, हाताने तळ चाचपला आणि होडी थोडी पुढे घेतली.